‘बाळ काचेत ठेवलंय’ म्हणजे काय, आणि घरच्यांनी तिथे काय करायचं

निफाडहून मावसबहिणीचा फोन आला तेव्हा तिच्या सासूबाई मागून सांगत होत्या, "बाळ काचेत ठेवलंय म्हणून सांग गं." आपल्या नाशिककडे हे वाक्य सगळ्यांना कळतं. बाळ दिवस भरायच्या आधी झालं, वजन कमी भरलं, जन्मल्यावर रडलं नाही, कावीळ चढली, दूध ओढत नाही, कारण काहीही असो, पाव्हण्यांना कळवायचं ते एवढंच. ऐकणारा म्हणतो, "बरं, होईल नीट." आणि दोन्ही बाजूंनी गृहीत धरलं जातं की आता ते बाळ डॉक्टरांचं, घरच्यांनी बाहेर बाकावर बसायचं.

बहिणीचं बाळ बत्तिसाव्या आठवड्यात झालं होतं, वजन १४०० ग्रॅम. दवाखाना खासगी, बऱ्यापैकी मोठा. तिला बाळ दिवसातून दोनदा दारातल्या काचेतून दाखवायचे. टाक्यांवर हात धरून ती जिना चढायची, सिस्टर पडदा सरकवायची, दोन मिनिटांनी पडदा बंद. असे तेवीस दिवस. चोविसाव्या दिवशी बाळ हातात दिलं आणि सांगितलं, "न्या आता घरी, दर दोन तासांनी पाजा." तिला बाळ धरताही येत नव्हतं. नंतर एकदा भांडी घासताघासता ती सहज बोलून गेली, "पहिले आठ दिवस मला ते दुसऱ्या कोणाचं वाटायचं." डॉक्टर वाईट नव्हते. औषधपाणी चोख झालं, बाळ वाचलं. पण आईला बाहेर ठेवण्याची ती रीत आता जुनी झाली आहे, आणि ती का जुनी झाली हे घरोघरी माहीत असायला हवं.

आधी ती ‘काच’. आत जाऊन पाहिलं तर बहुतेक बाळं काचेच्या पेटीत नसतातच. ती असतात वॉर्मरवर, म्हणजे उघड्या पाळण्यासारख्या टेबलावर, टेबलाच्या वर उंचावर तापणारी पट्टी, पोटावर चिकटवलेला तापमानाचा सेन्सर. सरकारी रुग्णालयातल्या अशा खोलीला एसएनसीयू म्हणतात, विशेष नवजात काळजी कक्ष. साधारण १८०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाची, ३४ आठवड्यांआधी जन्मलेली किंवा वजन ठीक पण आजारी असलेली बाळं इथे येतात. श्वासाचं मशीन लागणारी फार नाजूक बाळं त्याहून वरच्या, एनआयसीयूच्या दर्जाच्या कक्षात. बाळाच्या मनगटावरच्या पट्टीवर त्याचं नाव नसतं, कारण बारसं व्हायचं असतं. तिथे ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचं नाव. कागदोपत्री ते बाळ पहिल्या मिनिटापासून आईच्याच नावाने ओळखलं जातं, फक्त आई आत नसते. मला हे नेहमी विचित्र वाटत आलंय.

आईला बाहेर का ठेवलं? कारण खोटं नव्हतं. जंतुसंसर्ग. कमी दिवसांच्या बाळाची कातडी कागदासारखी पातळ, प्रतिकारशक्ती जवळजवळ नाही. माणसं जितकी कमी तितका संसर्ग कमी, असा सरळ हिशेब होता. पण या हिशेबाची दुसरी बाजूही फार पूर्वी दिसली होती. पॅरिसचे डॉक्टर पिएर बुदँ हे पेटीत बाळं वाढवण्याच्या शास्त्राचे एक जनक. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच त्यांनी लिहून ठेवलं की बाळापासून फार दिवस दूर ठेवलेल्या आयांची बाळातली ओढ कमी होते, काही तर त्याला टाकूनच देतात. पुढची सत्तर वर्षं ते कोणी फारसं मनावर घेतलं नाही.

मग दोन ठिकाणी टंचाईतून शहाणपण आलं. एस्टोनियातल्या ताल्लिनच्या बाल रुग्णालयात १९७९ साली नर्सच पुरेशा नव्हत्या. अडिक लेविन या डॉक्टरांनी आयांना आत घेतलं. दूध पाजणं, पुसणं, दुपटी बदलणं आयांकडे, सुई-सलाईन नर्सकडे. कोलंबियातल्या बोगोटात त्याच सुमाराला, १९७८ पासून, पेट्या कमी पडत होत्या, एकेका पेटीत दोन-तीन बाळं ठेवावी लागत आणि संसर्ग फिरत होता. एडगर रे सानाब्रिया आणि हेक्टर मार्तिनेस यांनी बाळं आयांच्या छातीवर बांधायला सुरुवात केली. तीच पुढे कांगारू मदर केअर झाली. दोन्हीकडे आया आत आल्या आणि जे होईल म्हणून भीती होती ते झालं नाही.

आपल्याकडे या विचाराला ‘कुटुंब सहभागातून काळजी’ असं रूप दिल्लीच्या राममनोहर लोहिया रुग्णालयात आलं. तिथे आजारी नवजात बाळांचे दोन गट करून तुलना केली गेली. एका गटातल्या पालकांना शिकवून आत घेतलं, दुसऱ्या गटाला नेहमीची पद्धत. पालकांना आत घेतल्याने संसर्ग वाढला नाही, आणि घरी जाताना फक्त आईच्या दुधावर असलेल्या बाळांचं प्रमाण जास्त निघालं. २०१७ साली केंद्र सरकारने यावर देशभरातल्या कक्षांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. म्हणजे ज्यासाठी माझ्या बहिणीच्या घरच्यांनी खासगीत पैसे मोजून विनवण्या केल्या, ते सरकारी कक्षासाठी लेखी धोरण आहे. कागद आणि वॉर्ड यांत अंतर असतंच, त्यावर पुढे येतेच. पण कागद आपल्या बाजूने आहे हे माहीत असलेलं बरं.

आता हिशेब मांडू

ज्यांना वाटतं की आई आत येणं ही फक्त माया-ममतेची गोष्ट आहे, त्यांच्यासाठी थोडं गणित. समजा कक्षात बारा बाळं आहेत. प्रत्येकाला दर दोन तासांनी दूध, म्हणजे दिवसाला बारा वेळा. एकूण १४४ वेळा. वाटी-चमच्याने एका कमी वजनाच्या बाळाला न ठसकवता पाजायला वीस मिनिटं धरा. झाले ४८ तास. चोवीस तासांच्या दिवसात ४८ तासांचं काम, आणि हे फक्त दुधाचं. सगळी बाळं वाटी-चमच्याने पीत नाहीत, काहींना नळी असते, काही सलाईनवर, हे मान्य. तरी पाळीला तीन सिस्टर असल्या तर इंजेक्शनं, नोंदी, ऑक्सिजन, नवीन आलेलं बाळ यांत किती वेळ उरतो ते तुम्हीच बघा. घाईत पाजलेलं बाळ ठसकतं, दूध श्वासनलिकेत जातं. आईला मात्र त्या वेळी दुसरं काही काम नसतं. तिला एकच बाळ आहे.

दुसरा हिशेब दिवसांचा. बाळ कक्षात पंधरा-वीस दिवस असतं, पुढची सगळी वर्षं घरी. एखादी गोष्ट घरी वीस महिने करायची असेल तर ती डॉक्टर-सिस्टर शेजारी असताना वीस दिवस करून शिकायची, की डिस्चार्जच्या दिवशी पाच मिनिटांत? हे बाळ मेनरोडच्या वाड्यात जाणार असेल तर निदान दवाखाना हाकेच्या अंतरावर. ते सुरगाण्याच्या पाड्यावर जाणार असेल, ८०-९० किलोमीटरवर, घाट उतरून, तर तिथे डॉक्टर म्हणजे ती आईच. म्हणून मला तरी वाटतं, आईला आत घेणं हा उपचाराचाच भाग आहे. त्यात उपकार कसला?

आत गेल्यावर

शिकवणी साधारण चार टप्प्यांत होते. आत यायचं कसं आणि हात कसे धुवायचे, बाळाला हाताळायचं-पाजायचं कसं, कांगारू कसं द्यायचं, आणि घरी गेल्यावर काय. बहुतेक ठिकाणी आई आणि तिच्या जोडीला एक जण, नवरा, सासू, आई, बहीण, कोणीही चालतं. तो एक जण शक्यतो रोज तोच असावा. सर्दी, खोकला, ताप, अंगावर पुरळ असलेल्याने आत जायचं नाही, मग ती सख्खी आजी का असेना.

हातांपाशी पहिली अडचण येते ती बांगड्यांची. कोपरापर्यंत हात धुवायचे म्हणजे बांगड्या, अंगठी, घड्याळ, दोरे, सगळं काढायचं. बाळंतिणीने हात मोकळे ठेवायचे? आजीच्या कपाळावर आठी येते. एकदा एका कक्षाच्या दारात ऐकलेलं संभाषण मला तसंच आठवतं.

"सिस्टर, चुडा नका काढायला लावू हो. नवीन बाळंतीण आहे."

"आजी, काढून तुमच्या पिशवीत ठेवा. बाहेर आली की तुमच्या हातानेच भरा. बांगडीच्या आत साबण जात नाही ना."

"आन् मंगळसूत्र?"

"ते असू द्या. फक्त बाळ छातीशी घेताना पाठीवर टाकायचं."

आजींनी पाच मिनिटं घेतली, पण काढल्या. पोस्टरवर ‘स्वच्छता पाळा’ असं लिहून हे जमलं नसतं. पुढे हात धुण्याचे टप्पे आठवायला सिस्टर लोक हिंदीतून आलेला एक शब्द वापरतात, ‘सुमनक’. सीधा, उलटा, मुठ्ठी, अंगुठा, नाखून, कलाई. तळवा, मागची बाजू, मूठ, अंगठा, नखं, मनगट. धुतलेला हात मग पदराला पुसायचा नाही, आणि मोबाईलला तर लावायचाच नाही. मोबाईल धुता येत नाही, हे जंतूंना चांगलं माहीत आहे.

मग बाळाला हात लावायचा. इथे बहुतेक आया रडतात, काही घाबरून मागे सरकतात, आणि दोन्ही ठीक आहे. आपण गुटगुटीत बाळाला थोपटतो, कुरवाळतो, तसं इथे करायचं नाही. कमी दिवसांच्या बाळाला हलकं कुरवाळणं त्रासाचं होतं. एक हात डोक्यावर, एक हात दुमडलेल्या पायांवर, आणि स्थिर ठेवायचा. नुसता ठेवायचा. टाचेतून रक्त घेताना असा हात असला तर बाळ कमी कळवळतं. बाळ ‘पुरे झालं’ हेही सांगतं, फक्त रडून नाही. बोटं फाकवतं, उचकी लागते, लागोपाठ जांभया देतं, शिंकतं, पाठ ताणतं, मान फिरवतं. तेव्हा थांबायचं. ही भाषा आईला दोन-तीन दिवसांत येते, आणि मग एक गोष्ट घडते जी मॉनिटरलाही जमत नाही: "आज हा वेगळाच आहे, काल एवढा मलूल नव्हता," असं ती सिस्टरच्या आधी सांगते. चांगले डॉक्टर हे वाक्य ऐकलं की बाळाकडे जातात. इन्फेक्शनची पहिली खूण बऱ्याचदा एवढीच असते.

‘दूधच येत नाही’

या एका वाक्यावर थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं.

आई पंपाने किंवा हाताने दूध काढायला बसते. वाटीच्या तळाला पिवळसर चिकाचे काही थेंब. शेजारची म्हणते, माझी वाटी भरली. सासूबाई म्हणतात, हिला दूधच नाही, डबा आणा. आता बाळाला किती लागतं ते बघा. १४०० ग्रॅमच्या बाळाला, ते पहिल्याच दिवशी पूर्ण दुधावर असलं तर, किलोमागे साधारण ८० मिलिलिटर, म्हणजे दिवसभरात सुमारे ११२. बारा वेळांत वाटलं तर एका वेळेला नऊ-साडेनऊ मिलिलिटर. घरातले दोन छोटे चमचे. आजारी बाळाला तर याहूनही कमी देऊन हळूहळू वाढवतात, म्हणजे सुरुवात काही थेंबांनीच होते. तेव्हा वाटीच्या तळाचे ते थेंब ‘नाही’ नसतात, ते बाळाच्या मापाचे असतात. चिकात रोगाशी लढणारे घटक ठासून भरलेले असतात आणि ज्या बाळाची आतडी अजून कच्ची आहेत त्याला डब्याच्या दुधाने आतड्यांचा गंभीर आजार होण्याचा धोका वाढतो. म्हणून डॉक्टर त्या थेंबांसाठी एवढा आग्रह धरतात.

दूध वाढतं ते काढल्याने. दिवसातून आठ-दहा वेळा, रात्रीही एकदा तरी. न काढता ‘भरू दे’ म्हणून वाट पाहिली की ते आटतं. आणि बाळाजवळ बसून, त्याला पाहून, त्याच्या दुपट्याचा वास घेऊन काढलं तर जास्त येतं, बाहेरच्या जिन्यावर बसून कमी. हे मनाचे खेळ नाहीत, दूध वाहतं करणारं संप्रेरक तसंच चालतं. तेवीस दिवस पडद्याआड ठेवलेल्या माझ्या बहिणीचं दूध का आटलं, हे मला फार उशिरा कळलं. घरात तोवर तिच्या नावाने बोलून झालं होतं.

अंगावर ओढायची ताकद, म्हणजे चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ, साधारण ३४ आठवड्यांनंतर बसतो. त्याआधी नळी, मग वाटी-चमचा. आपल्या आज्यांना बोंडल्याने पाजायची सवय असते, हात चांगला बसलेला असतो, त्याचा उपयोगच होतो. फक्त माळ्यावरचं जुनं बोंडलं आणायचं नाही. कक्षातली उकळलेली वाटीच घ्यायची, बाळ अर्धवट उभं धरायचं, दूध घशात ओतायचं नाही, ओठाशी लावून त्याला ओढू द्यायचं. बाटली अजिबात नाही.

आईचं दूध खरंच मिळत नसेल, ती स्वतः आयसीयूत असेल, तर दुसऱ्या आयांनी दिलेलं, तपासून पाश्चराइज केलेलं दूध, हा डब्याच्या आधीचा पर्याय. या कामात महाराष्ट्र पुढे होता. आशियातली पहिली मानवी दूधपेढी १९८९ साली मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. दूधपेढीचं दूध जवळपास मिळतं का, हे विचारायला लाजू नका.

छातीची ऊब

निफाडचा पारा डिसेंबर-जानेवारीत पाच-सहा अंशांवर आला की पेपरात द्राक्षबागेत शेकोट्या पेटवल्याचे फोटो येतात. घडाला थंडी बाधू नये म्हणून माणूस रात्रभर जागतो. दीड किलोच्या बाळाची गत त्या घडासारखीच आहे. शरीर लहान, पण उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग त्या मानाने मोठा. ऊब तयार करणारी खास चरबी शेवटच्या महिन्यांत साठते, ती साठायच्या आत हे जन्माला आलं. थरथर कापून गरम होणंही त्याला येत नाही. अंग ३६.५ अंशांच्या खाली गेलं की ते साखर आणि प्राणवायू ऊब तयार करण्यात खर्च करतं, मग वजन वाढत नाही, श्वास थांबायला लागतो.

कांगारूत बाळाला फक्त टोपी, मोजे आणि लंगोट. ते आईच्या उघड्या छातीवर, दोन स्तनांच्या मधे उभं, मान एका बाजूला आणि किंचित वर, म्हणजे नाक मोकळं राहील, पाय बेडकासारखे दुमडलेले. वरून ओढणी किंवा खास पट्टा घट्ट बांधायचा, त्यावर शाल. आई थोडी रेलून बसते. एका वेळी तासाभरापेक्षा कमी नको, कारण सारखं काढणं-घालणंच बाळाला दमवतं. जागतिक आरोग्य संघटना २०२२ पासून सांगते की दिवसाचे ८ ते २४ तास, जितके जमतील तितके, आणि जन्मानंतर शक्य तितक्या लवकर.

‘लवकर’ या शब्दामागे एक मोठा अभ्यास आहे. पूर्वी बाळ स्थिर झाल्यावरच कांगारू द्यायचे. भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानियात मिळून १ किलो ते १.८ किलोच्या आतल्या ३,२११ बाळांवर पाहिलं गेलं की बाळ अस्थिर असतानाच, जन्मल्याबरोबर सुरू केलं तर काय होतं. नेहमीच्या पद्धतीत २८ दिवसांच्या आत १५.७ टक्के बाळं दगावली, लगेच कांगारू मिळालेल्यांत १२ टक्के. दर सत्तावीस बाळांमागे एक जास्तीचं बाळ जगलं. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास ठरल्यापेक्षा आधी थांबवला, कारण उरलेल्या बाळांना जुन्या पद्धतीने ठेवणं योग्य नव्हतं. २०२१ साली तो प्रसिद्ध झाला. भारतातलं केंद्र होतं दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय. तिथे आईची खाट थेट कक्षातच ठेवली, बाळाशेजारी.

आई थकली की? बाबा. मोठे दीर. आजी. छाती उबदार आणि स्वच्छ असली की झालं, बाळ कोणाची म्हणून विचारत नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यात दुसरी पाळी करणारा बाप सकाळी दोन तास बाळ छातीवर घेऊन बसला तर ते दोन तास आई झोपते, आणि झोपलेल्या आईला दूध जास्त येतं. सुरुवातीला पुरुष लाजतात. शर्टाची बटणं काढायची, आणि समोर सिस्टर! एकदा बाळ छातीवर झोपलं की मात्र उठवायला लागतं. बापाला.

पाचवी, सुवेर आणि बाकीचं

बाळ कक्षात आणि घरी पाचवीचा दिवस येतो. सटवाई कपाळावर नशीब लिहायला येणार, पाटा-वरवंटा मांडायचा, कोरा कागद-लेखणी ठेवायची, आणि बाळ तर नाही! यात वाद घालण्यात अर्थ नाही. पूजा घरी करा, आजीला करू द्या, सटवाईला पत्ता सापडतो. फक्त अंगारा, काजळ, मधाचं बोट, गुटी कक्षात चोरून आणायची नाही. मधाने लहान बाळाला बोटुलिझमसारखी विषबाधा होऊ शकते आणि काजळाने डोळ्यांत संसर्ग. सुवेर म्हणून बापाने दहा दिवस बाळ शिवायचं नाही, हा नियम मात्र या वेळेपुरता बाजूला ठेवायलाच हवा. ज्या दहा दिवसांत छातीची सर्वांत जास्त गरज तेच दहा दिवस. बाळंतिणीला अंधाऱ्या खोलीत पथ्यावर ठेवण्याचंही तसंच. तिला कक्षात बसायचंय, तर डाळ-भात, भाजी, भाकरी, दूध, पोटभर.

भाषेचा एक मुद्दा बोलून घेते. पेठ-सुरगाण्याची बाई घरी कोकणी बोलते, बागलाण-कळवणची अहिराणी. ‘सॅच्युरेशन ड्रॉप होतंय’ हे तिला कळत नाही, आणि कळलं नाही हे ती सांगतही नाही, मान हलवते. तिच्याकडून उलट सांगून घेतलं, "मी काय म्हटलं ते सासूबाईंना समजावून सांगा बरं," की लगेच कळतं काय पोचलं. आपल्यातल्या कोणी शिकलेल्याने सोबत जावं ते यासाठी.

आईच्या गळ्यात नर्सचं काम?

हा आक्षेप मी ऐकलाय आणि तो सोडून देण्यासारखा नाही. सुई, सलाईन, औषध, नळी टाकणं, ऑक्सिजनचा आकडा कमी-जास्त करणं, हे आईचं काम नाही, कधीच नाही. मॉनिटर वाजला तर सिस्टरला हाक मारायची, बटण दाबून आवाज बंद करायचा नाही. जागा रिकामी आहे, सिस्टर भरायची नाही आणि आयांकडून काम काढून घ्यायचं, असं कुठे होत असेल तर त्याला कुटुंबाचा सहभाग म्हणायचं कारण नाही.

आणि आईकडून बारा तास हवे असतील तर तिला खाट हवी. परवा टाके घातलेली बाई जिन्यावर पोतं टाकून बसते, तिला जवळ संडास नाही, जेवण खालून आणावं लागतं, आणि आपण तिला आठ तास कांगारूचं व्याख्यान देतो. सरकारी रुग्णालयात आजारी बाळाचे उपचार, औषधं, नेण्या-आणण्याची गाडी हे वर्षापर्यंत मोफत मिळायचा नियम आहे, ते मागून घ्या. पण द्राक्षाच्या खुड्यावर रोजंदारी करणाऱ्या बापाची वीस दिवसांची मजुरी त्यात बसत नाही. केंद्र सरकारी नोकराला पंधरा दिवस पितृत्व रजा असते, मजुराला एक दिवस नाही. कारखान्याच्या सुपरवायझरने चार दिवस पाळी बदलून दिली तरी फरक पडतो.

सगळी बाळं घरी जात नाहीत, हेही लिहायला हवं. जी आई आत होती तिने बाळाला धरलेलं असतं, त्याच्याशी बोललेली असते. दुःख कमी होत नाही, पण ‘मला दाखवलंच नाही, काय केलं कोणास ठाऊक’ हा काटा राहत नाही.

घरी जाताना

वजन सलग काही दिवस वाढतंय, ऊब टिकतेय, दूध नीट जातंय, एवढं झालं की सोडतात. घरी शेगडी-धुरी नको, धुराने बाळाचा श्वास कोंडतो. दीड-दोन किलोच्या बाळाला तेल लावून पाटावर न्हाऊ घालायची घाई नको. नुसतं पुसा, कांगारू चालू ठेवा, बाळ स्वतःच हातपाय मारून बाहेर यायला लागलं की त्याला ते नको झालंय असं समजा. आशाताई ठरलेल्या दिवसांनी घरी येतात, दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा भेटी. या भेटींची मुळं आपल्याच महाराष्ट्रात आहेत: गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि त्या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ साली जगासमोर मांडलं. आशाताईंना चहा विचारून वाटेला लावू नका, वजनकाटा काढायला सांगा. बाळ पीत नाही, गार पडलंय, तापलंय, मिनिटाला साठच्या वर श्वास, बरगड्या आत ओढल्या जातात, तळहात-तळपाय पिवळे, झटका, यातलं एकही दिसलं की १०२ किंवा १०८.

एक तपासणी मात्र सगळे विसरतात. कमी दिवसांच्या बाळाच्या डोळ्यांच्या आतल्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या पूर्ण वाढलेल्या नसतात, आणि जास्तीच्या ऑक्सिजनने त्या वेड्यावाकड्या वाढू शकतात. ‘ऑक्सिजन वाढवा ना डॉक्टर’ असं बाहेरून कितीही वाटलं तरी ते मोजूनमापूनच देतात, त्याचं हे कारण. या आजाराला आरओपी म्हणतात. वरून डोळा अगदी चांगला दिसतो, आणि वेळ गेली तर बाळ कायमचं आंधळं होऊ शकतं. ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचे डोळे वयाच्या तीस दिवसांच्या आत तपासायचे, फारच लहान असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. पकडलं तर लेझरने थांबतं. तोवर बहुतेक बाळं घरी गेलेली असतात, बाप खुड्यावर, पाड्यावरून एसटीला दिवस जातो, बाळ तर छान पाहतंय, मग कशाला? डिस्चार्ज कार्डावर ही तारीख आणि कुठे जायचं ते लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर काउंटर सोडायच्या आधी, तिथेच उभं राहून, लिहून मागा.